शेअर, भाग आणि मत : खानदेशातल्या तीन मालक्यांची गोष्ट

मंडळी, पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, आणि पटलं नाही तर खाली लिहा. पण आधी शेवटपर्यंत वाचा, एवढीच विनंती.

आमच्या लोणखेड्यात आणि शहाद्यात चहाच्या टपरीवर सध्या दोन चर्चा चालतात. पहिली पोरांची. मोबाईलवर शेअर घेतात, विकतात, संध्याकाळी नफा-तोटा मोजतात. कंपनी काय बनवते हे विचारलं तर निम्म्यांना सांगता येत नाही. दुसरी चर्चा त्यांच्या बापांची आणि काकांची. ऊस कुठल्या कारखान्याला घालायचा, भाव कोण देतो, पेमेंट कोण वेळेवर करतो. आणि तिचा शेवट जवळपास ठरलेला असतो : "सहकार संपला भाऊ आता, खासगीच बरं."

मला या दोन्ही चर्चा एकच वाटतात. पोराच्या मोबाईलमधला शेअर आणि बापाच्या पेटीतला कारखान्याचा भाग दाखला, दोन्ही कागद एकच गोष्ट सांगतात : या धंद्याचे तुम्ही थोडे का होईना मालक आहात. प्रश्न असा की ती मालकी कशी वाटली आहे, मत कोणाला किती आहे, आणि त्यावरून धंदा बरा चालतो की वाईट? याचं उत्तर "सहकार चांगला" किंवा "खासगी चांगलं" अशा एका ओळीत मिळत नाही. पण आपल्याच खानदेशात याचा ऐंशी वर्षांचा इतिहास पडलेला आहे. तीन ठिकाणं घेतो : अमळनेर, जळगाव आणि आपला शहादा.

१. अमळनेर : एकाची तीन-चतुर्थांश मालकी

तापी ओलांडून दक्षिणेला गेलं की अमळनेर. साने गुरुजींचं गाव, प्रताप शेठजींचं गाव. २९ डिसेंबर १९४५ रोजी मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी इथे 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स लिमिटेड' नावाची कंपनी काढली. आजूबाजूला भुईमूग भरपूर, त्यामुळे तेल आणि वनस्पती तूप बनवायचं. पुढे '७८७' नावाचा कपडे धुण्याचा साबणही निघू लागला. १९४६ मध्ये कंपनीने शेअर विक्रीला काढले. ते घेणाऱ्यांत मुंबईचे लोक होते, तसे गावातले व्यापारी आणि शेतकरीही होते. कारखाना डोळ्यांसमोर उभा राहत होता, चालवणारा माणूस ओळखीचा होता, म्हणून लोकांनी पैसे घातले.

१९६६ मध्ये प्रेमजी अचानक गेले. मुलगा अझीम तेव्हा २१ वर्षांचा, अमेरिकेत स्टॅनफर्डला इंजिनिअरिंग शिकत होता. शिक्षण अर्धवट टाकून परत आला. तेव्हाची एक गोष्ट प्रेमजी स्वतः अनेकदा सांगतात. भागधारकांच्या सभेत एका माणसाने उठून तोंडावर सुनावलं की हे तुझ्यासारख्या पोराला झेपणारं काम नाही, तुझा हिस्सा विकून मोकळा हो. विचार करा. एका छोट्या भागधारकाने कंपनीच्या सर्वात मोठ्या मालकाला भर सभेत हे सांगितलं. पोराने हिस्सा विकला नाही, पण सभा झाली, प्रश्न विचारला गेला.

पुढचं बहुतेकांना माहीत आहे. १९७७ च्या सुमारास परदेशी मालकीच्या कायद्यावरून आयबीएम भारतातून बाहेर पडली. कॉम्प्युटरच्या धंद्यात जागा रिकामी झाली आणि तूप-साबणवाली कंपनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्या जागेत शिरली. नाव झालं विप्रो. २००० साली न्यूयॉर्कच्या शेअर बाजारातही नोंद झाली.

आता हिशेब बघा. १९९७ च्या बोनसच्या आधी ज्याच्याकडे विप्रोचा १ शेअर होता, त्याचं काय झालं? १९९७ मध्ये एकास दोन बोनस मिळाला, ३ झाले. १९९९ मध्ये १० रुपयांच्या शेअरचे २ रुपयांचे पाच तुकडे झाले, १५ झाले. २००४ मध्ये पुन्हा एकास दोन, ४५. २००५ मध्ये एकास एक, ९०. २०१० मध्ये तीनास दोन, १५०. २०१७ मध्ये एकास एक, ३००. २०१९ मध्ये तीनास एक, ४००. २०२४ मध्ये एकास एक, ८००. म्हणजे काही न करता, फक्त न विकता, एकाचे आठशे. आणि अमळनेरच्या घरांमध्ये त्याच्याही कितीतरी आधीपासूनचे शेअर होते. तिथल्या कोट्यधीशांच्या बातम्या दर दोन-चार वर्षांनी वर्तमानपत्रात येतात त्या यामुळेच.

यातून लगेच "जुने शेअर धरून ठेवा, श्रीमंत व्हाल" असा धडा काढू नका. जळगावची खानदेश मिलही एकेकाळी दिमाखात चालायची. ती बंद पडली. आज त्या जागेवर बाजार संकुल आहे. बंद पडलेल्या गिरण्यांचे शेअर घरात सांभाळणाऱ्यांच्या बातम्या कोणी छापत नाही. त्यामुळे मी आकड्यांपेक्षा विप्रोच्या रचनेकडे बघतो.

या कंपनीत प्रवर्तकांचा हिस्सा बराच काळ तीन-चतुर्थांशाच्याही वर होता. नोंदणीकृत कंपनीत जनतेकडे किमान २५ टक्के शेअर हवेत असा नियम आला, २०१३ ची मुदत आली, तेव्हा तो खाली आणावा लागला. म्हणजे मतदान घेतलं तर निकाल आधीच ठरलेला. अमळनेरच्या भागधारकांनी सगळ्यांनी मिळून विरोध केला असता तरी एक ठराव पडला नसता. लोकशाहीच्या मापाने ही रचना अगदीच वाईट. तरी छोट्या भागधारकाचं भलं झालं. का?

कारण मोठ्या मालकाची संपत्तीही त्याच शेअरमध्ये अडकलेली होती. लाभांश दर शेअरला सारखाच. बोनस दर शेअरला सारखाच. मालकाच्या शेअरची किंमत वाढली की अमळनेरच्या आजीबाईंच्या शेअरचीही तेवढ्याच पटीत वाढली. मालकाला स्वतःचा फायदा करून घ्यायचा तर सर्वात सरळ रस्ता कंपनी मोठी करण्याचाच होता. आणि ज्याला पटत नव्हतं, त्याला बाजारात शेअर विकून बाहेर पडता येत होतं.

एक गंमत सांगतो. २०१३ मध्ये विप्रोने साबण, दिवे वगैरे जुने धंदे वेगळ्या कंपनीत काढले. ती कंपनी शेअर बाजारात नाही. अमळनेरचा कारखाना आता तिच्याकडे आहे. म्हणजे ज्या कारखान्याकडे बघून गावाने शेअर घेतले, तो कारखाना त्या शेअरच्या कंपनीत राहिलेलाच नाही. आणि २०१९ च्या मार्चमध्ये प्रेमजींनी आपल्या हिश्श्यातला आणखी ३४ टक्क्यांचा आर्थिक लाभ फाउंडेशनला दिला. आता कंपनीच्या सुमारे ६७ टक्के मालकीचं उत्पन्न शिक्षणासारख्या कामांसाठी जातं. पैसा एकीकडे गेला, नियंत्रण घरात राहिलं. मालकी ही एकच वस्तू नसून पैशाचा हक्क आणि मताचा हक्क अशा दोन वस्तू आहेत, आणि त्या वेगळ्या करता येतात, हे इथे स्पष्ट दिसतं.

२. जळगाव : दहा शेअरला एक मत

हे वेगळं करणं जळगावने अजून उघडपणे पाहिलं. भवरलाल जैन यांनी उभी केलेली जैन इरिगेशन. ठिबक सिंचन, पाइप, केळीची टिश्यू कल्चर रोपं, कांद्यावर प्रक्रिया. खानदेशातल्या केळीवाल्याला या कंपनीचं वेगळं सांगायला नको. १९८० च्या दशकाच्या शेवटी शेअर बाजारात आली.

२०११ मध्ये या कंपनीने भागधारकांना २० शेअरमागे १ असा वेगळ्या प्रकारचा शेअर बोनस म्हणून दिला. त्याला डीव्हीआर म्हणतात. लाभांशाचा हक्क आहे, पण मत दहा शेअरला एक. टाटा मोटर्सने २००८ मध्ये असेच शेअर काढले होते, दहा शेअरला एक मत आणि थोडा जास्त लाभांश. २०२४ मध्ये त्यांनी ते रद्द करून साध्या शेअरमध्ये बदलून टाकले.

कंपनीच्या बाजूने यात तर्क आहे. धंदा वाढवायला भांडवल लागतं. साधे शेअर काढले तर कुटुंबाचा हिस्सा पातळ होतो. कर्ज घेतलं तर व्याज. कमी मताच्या शेअरने भांडवलाचा रस्ता उघडतो आणि नियंत्रणही जात नाही. पण बाजाराने या शेअरला बहुतेक काळ साध्या शेअरपेक्षा कमीच भाव दिला. म्हणजे मताला किंमत आहे, फुकट नाही, हे बाजाराने रोज आकड्यात सांगितलं.

२०१९ मध्ये कर्जाच्या ओझ्याने ही कंपनी मोठ्या अडचणीत आली. शेअरचा भाव कोसळला. पुढे बँकांशी बोलणी होऊन २०२२ मध्ये कर्जाची पुनर्रचना झाली आणि कंपनी पुन्हा उभी राहिली. डीव्हीआरमुळे ती अडचणीत आली असं मी म्हणत नाही. ठिबकचा धंदा सरकारी अनुदानावर चालतो, अनुदानाची रक्कम उशिरा येते, खेळतं भांडवल अडकतं आणि कर्ज वाढतं, हे त्याचं मोठं कारण. माझा मुद्दा एवढाच : प्रवर्तकाची मालकी मोठी, धंदा खरा, गावाशी नातं घट्ट, तरीही कंपनी अडचणीत येऊ शकते. "मालक खमका असला की झालं" हे सूत्र पुरत नाही.

३. शहादा : एक सभासद, एक मत

आता घरी येऊ. शहादा तालुक्यात पुरुषोत्तमनगरला सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखाना. पी. के. अण्णा पाटील यांच्या पिढीने उभं केलेलं काम. त्याच तालुक्यात लोकनायक जयप्रकाश नारायण यांच्या नावाची शेतकरी सहकारी सूत गिरणी. नवापूरकडे डोकाऱ्याला आदिवासी सहकारी साखर कारखाना. आणि नंदुरबार तालुक्यात समशेरपूरला पुष्पदंतेश्वर, जो सहकारी म्हणून सुरू झाला आणि पुढे खासगी हातात गेला. म्हणजे एका छोट्या जिल्ह्यात दोन्ही प्रकार शेजारी शेजारी आहेत.

सहकाराची मूळ कल्पना मोठी आहे हे विसरू नका. इंग्लंडमध्ये रॉचडेलच्या विणकरांनी १८४४ मध्ये दुकान काढलं तेव्हापासून तत्त्व एकच : भाग कितीही असोत, मत एकच. आपल्याकडे प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटलांनी १९५० मध्ये कारखाना उभा केला आणि धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थशास्त्रज्ञ त्याचा पहिला अध्यक्ष झाला. त्याआधी साखर कारखाना म्हटलं की मुंबई-पुण्याच्या शेठचा आणि जमीन खंडाने घेतलेली. ऊस लावणारा शेतकरी कारखान्याचा मालक होतो ही गोष्ट तेव्हा क्रांतीच होती.

१९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याने या मालकीला कुंपण घातलं. एका सभासदाला एक मत. कोणाही व्यक्तीकडे एकूण भागभांडवलाच्या एक-पंचमांशापेक्षा जास्त भाग नकोत. लाभांश १५ टक्क्यांपेक्षा जास्त नको. भाग बाजारात विकायचा नाही. हेतू चांगला होता : कोणी शेठ येऊन भाग गोळा करून कारखाना गिळू नये.

पण याचा परिणाम काय होतो तो बघा. तुमच्या वडिलांनी पन्नास वर्षांपूर्वी घेतलेला भाग आजही दर्शनी किमतीचाच. कारखान्याने डिस्टिलरी टाकली, वीजनिर्मिती टाकली, शेकडो कोटींची मालमत्ता केली, तरी भागाची किंमत तीच. कारखाना कर्जात बुडाला तरी कागदावर तीच. अमळनेरच्या माणसाला रोज सकाळी आपल्या मालकीचं काय चाललंय ते भावात दिसतं. शहाद्याच्या माणसाला ते भागातून कधीच दिसत नाही. त्याला दिसतो फक्त उसाचा भाव आणि दिवाळीची साखर.

मग सहकारी कारखान्यातल्या मालकाला फायदा मिळतो कसा? उसाच्या भावातून. आणि जो कारभारात असतो त्याला आणखी एका वाटेने : कारखान्यात मागे राहिलेल्या पैशाचं काय करायचं हे ठरवण्यातून. नोकऱ्या, टेंडर, वाहतूक, शाळा-कॉलेज, देवळं, निवडणुका. विप्रोत मोठ्या मालकाला शेअरच्या किमतीखेरीज दुसरा मोठा फायदा नव्हता. सहकारात शेअरच्या किमतीचा फायदा कोणालाच नाही, म्हणून बाकीच्या फायद्यांचं मोल वाढतं.

यावर एक अभ्यास आहे आणि तो आपल्या महाराष्ट्राच्या कारखान्यांवरच आहे. अभिजित बॅनर्जी (पुढे २०१९ मध्ये ज्यांना नोबेल मिळालं तेच), दिलीप मुखर्जी, कैवन मुन्शी आणि देबराज रे या चौघांनी २००१ मध्ये तो प्रसिद्ध केला. १९७० ते १९९० च्या दशकांतली सुमारे शंभर सहकारी कारखान्यांची माहिती घेतली. प्रश्न साधा : सर्व सभासदांना एक मत असताना उसाचा भाव कुठे कमी, कुठे जास्त, आणि का?

त्यांना दिसलं ते असं. जिथे जवळपास सगळे लहान शेतकरी, तिथे भाव बरा. जिथे मोठ्या शेतकऱ्यांचं प्रमाण खूप, तिथेही बरा. जिथे दोन्ही मिसळलेले, म्हणजे लहान भरपूर पण मोठेही कारभार हातात ठेवण्याइतके, तिथे भाव सर्वात कमी. कारण कळायला सोपं आहे. भाव कमी दिला तर तो सगळ्यांनाच कमी मिळतो, पण वाचलेला पैसा ज्यांच्या हातात कारभार आहे ते वापरतात. लहान शेतकरी अगदी थोडे असतील तर त्यांच्याकडून ओढायला फार काही नसतं. लहान खूप असतील तर ते निवडणुकीत उलटवतात. मधल्या जागी मात्र कारभाऱ्याला ओढायलाही मिळतं आणि उलटवणाराही नसतो. शिवाय भाव कमी म्हणून लोक ऊस लावत नाहीत, त्यामुळे कारखानाही लहान राहतो.

म्हणजे कागदावर एक सभासद एक मत असलं तरी जमिनीची वाटणी कागदाखालून काम करत राहते. शहाद्याला हे नवं नाही. गोमाई-तापीच्या काठची काळी जमीन कोणाकडे आणि त्यावर सालदार म्हणून राबणारा कोण, यावरून १९७० च्या दशकात या तालुक्यात केवढी चळवळ झाली. अंबरसिंग सुरतवंती, १९७२ मध्ये उभी राहिलेली श्रमिक संघटना, भिल्ल आदिवासींच्या जमिनीचा आणि मजुरीचा प्रश्न. तो काळ आणि सहकाराच्या भरभराटीचा काळ एकच होता. ज्याच्याकडे ऊस लावायला जमीन नाही तो सभासद नाही, आणि सभासद नाही त्याला मत नाही. ऊस तोडणारा माणूस या सगळ्या मालकीच्या बाहेरच राहिला. सहकाराचा हिशेब मांडताना हेही मांडलं पाहिजे.

न्याय म्हणून दुसरी बाजू. मागे राहिलेला सगळा पैसा वाया गेला असं नाही. ज्या भागात आधी कॉलेज नव्हतं तिथे कॉलेज झालं, आयटीआय झाली, मुली शिकल्या. आमच्या लोणखेड्याच्या आसपास शिक्षण संस्था उभ्या राहिल्या नसत्या तर माझ्यासारख्या कित्येकांना धुळे-नाशिक गाठावं लागलं असतं. भावातून कापलेला पैसा शाळेत गेला की खिशात गेला, हे प्रत्येक कारखान्याचं वेगळं उत्तर आहे. पण तो कापायचा की नाही हे सभासदाला विचारून ठरलं का, हा प्रश्न सगळीकडे एकच आहे.

४. दुसऱ्याचा पैसा

आणखी एक गोष्ट जिच्याबद्दल आपण कमी बोलतो. सहकारी साखर कारखाना उभा करताना भांडवलाचं सूत्र साधारण असं असायचं : १० टक्के सभासदांचं, ३० टक्के राज्य सरकारचं भागभांडवल, ६० टक्के कर्ज. सूत गिरणीला तर ५ टक्के सभासदांचं, ४५ सरकारचं आणि ५० कर्ज. म्हणजे शंभर रुपयांच्या धंद्यात सभासदाचे दहा किंवा पाच.

मालक म्हणवणाऱ्याचे दहा रुपये अडकलेले असतील तर तो डोळ्यांत तेल घालून हिशेब कशाला बघेल? सरकारचे तीस रुपये आहेत, पण सरकार म्हणजे कोणाचा खिसा? आणि कर्ज देणाऱ्या बँकेच्या संचालक मंडळावर अनेकदा कारखान्यांशी संबंधित मंडळीच. घेणारा आणि देणारा एकाच पंगतीत. २०११ मध्ये राज्य सहकारी बँकेचं संचालक मंडळ बरखास्त होऊन प्रशासक आले. थकलेल्या कर्जापोटी अनेक कारखाने विक्रीला निघाले. गेल्या काही हंगामांत महाराष्ट्रात गाळप करणाऱ्या सुमारे दोनशे कारखान्यांपैकी जवळजवळ निम्मे खासगी आहेत. ज्या सभासदांनी ते उभे केले त्यांना त्या विक्रीत काय मिळालं? भाग दाखल्याचा कागद.

५. मग खासगी बरं का?

टपरीवरचा मूळ प्रश्न. माझं उत्तर : त्याने आपोआप काही होत नाही.

जगातही याचं सरळ उत्तर सापडलेलं नाही. १९३२ मध्ये बर्ल आणि मीन्स या दोन अमेरिकनांनी लिहिलं की मोठ्या कंपन्यांत भागधारक विखुरले, म्हणून मॅनेजर मोकाट सुटले. १९८५ मध्ये डेमसेट्झ आणि लेन यांनी पाचशेहून जास्त कंपन्या तपासल्या, तर मालकी एकवटलेली असण्याचा आणि नफ्याचा काही संबंधच दिसला नाही. १९८८ मध्ये मॉर्क, श्लायफर आणि विश्नी यांना दिसलं की संचालकांची मालकी ५ टक्क्यांपर्यंत वाढली तर कंपनीचं मोल वाढतं, ५ ते २५ मध्ये घसरतं आणि त्यापुढे पुन्हा हळूहळू चढतं. अमेरिकेतल्या त्या मधल्या खड्ड्याकडे बघा आणि आपल्या उसाच्या भावातला मधला खड्डा आठवा. गोष्ट मिळतीजुळती आहे : ज्याच्या हातात कारभार येण्याइतकी ताकद आहे, पण नुकसानीचा मोठा वाटा ज्याच्या अंगावर पडत नाही, तो माणूस धोक्याचा.

खासगी कारखानदाराचं नुकसान त्याच्या स्वतःच्या अंगावर येतं हे खरं. म्हणून तो यंत्रं नीट चालवतो, नोकरभरती आवरती ठेवतो, उतारा बघतो. पण तुम्ही त्याच्या कंपनीत भागधारक नसता. तुम्ही त्याला माल विकणारे. त्याचा नफा वाढला तर त्याचा शेअर वाढतो, तुमचा ऊस नाही. विप्रोच्या गोष्टीत छोट्या माणसाचं भलं झालं कारण तो मोठ्या मालकाच्याच नावेत बसलेला होता. खासगी साखर कारखान्यात ऊसवाला त्या नावेत नाही, काठावर आहे.

काठावरच्या माणसाला वाचवणारी गोष्ट एकच : दुसरा गिऱ्हाईक. १९९० च्या दशकात झोनबंदी उठल्यावर शेतकऱ्याला ऊस दुसरीकडे नेता येऊ लागला, ते मोठं स्वातंत्र्य मिळालं. पण दोन कारखान्यांमध्ये २५ किलोमीटर हवाई अंतराची अट आहेच. ऊस तोडल्यावर वाळायला लागतो, लांब नेला की वजन घटतं आणि वाहतूक अंगावर येते. केंद्राने ठरवलेली एफआरपी १४ दिवसांत द्यायची असा नियम आहे, तो आधार आहे. पण एफआरपी हा किमान भाव आहे. त्याच्यावर किती, हे शेजारी दुसरा कारखाना जिवंत आहे की नाही यावर ठरतं. आणि म्हणूनच माझं म्हणणं : तालुक्यात एक चांगला चालणारा सहकारी कारखाना असणं हे खासगीला ऊस घालणाऱ्याच्याही फायद्याचं आहे. तो बंद पडला की टपरीवरची "खासगीच बरं" ही चर्चाही बंद होईल, कारण मग निवडायला काही उरणारच नाही.

६. मग करायचं काय?

तीन गोष्टी, आणि तिन्ही फुकट आहेत.

पहिली, वारस नोंद. आपल्याकडे किती घरांत भाग अजून वारलेल्या आजोबांच्या नावावर आहे? मयत सभासद मत देत नाही. वारसाने अर्ज केला नाही तर त्या घराचं मत मेलेलंच राहतं. अभ्यासात म्हटलेला "उलटवणारा लहान शेतकरी" कागदावरच नसेल तर उलटवणार कोण? मृत्यूचा दाखला, भाग दाखला, वारसांची संमती, अर्ज. एक दिवसाचं काम आहे. आणि वारस म्हणून बहिणीचंही नाव असतं हे विसरू नका.

दुसरी, वार्षिक सभा. सहकारी संस्थांच्या सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होतात. अहवाल आधी मिळतो. आपण तो चिवड्याला वापरतो. त्यात चारच आकडे बघा : एकूण कर्ज किती आणि गेल्या वर्षी किती होतं, साखर उतारा किती, एक क्विंटल साखरेला प्रक्रिया खर्च किती, आणि उसाचं देणं किती बाकी. मग शेजारच्या कारखान्याचे तेच आकडे बघा. फरक दिसला की उभं राहून विचारा. १९६६ नंतरच्या त्या सभेत कुणीतरी एका भागधारकाने विचारलंच ना?

तिसरी, पोरांसाठी. शेअर घेताय, घ्या. पण घेण्याआधी कंपनीच्या पानावर मालकीचा तक्ता असतो, तो उघडा. प्रवर्तकाकडे किती, त्यातले गहाण किती, मताचे हक्क सारखे आहेत का. प्रवर्तकाचं स्वतःचं बरंच काही त्याच शेअरमध्ये अडकलेलं आहे का, की तो दुसऱ्या वाटेने पैसे काढतोय, हे बघा. भाव तर सगळेच बघतात.

आणि ज्या घरात पोरगा मोबाईलवर शेअर बघतो आणि बापाच्या पेटीत भाग दाखला आहे, त्या घरात एकदा दोघांनी बसून कारखान्याचा अहवाल वाचावा. पोराला आकडे वाचता येतात, बापाला माणसं माहीत असतात. सभेत असा एक जरी माणूस तयारीने उभा राहिला तरी कारभाऱ्याला पुढच्या वर्षी जास्त तयारी करून यावं लागतं.

तुमच्या घरातला भाग कोणाच्या नावावर आहे, तेवढं आज बघा आणि खाली लिहा. कागदपत्रांत कुठे अडलं तर तेही विचारा, मला माहीत आहे तेवढं सांगेन.